टिल्फर्ड परगण्यातलं आठ डब्यांचं प्रकरण

भूक माणसाच्या पोटात असते आणि तिची व्यवस्था कचेरीत असते. या दोन गोष्टी एकमेकींपासून जितक्या लांब ठेवाव्यात तितका कारभार स्वच्छ राहतो. टिल्फर्ड परगण्यात हे अंतर साधारण तीन मैलांचं आहे आणि त्यातला शेवटचा मैल चढाचा आहे, त्यामुळे तिथला कारभार फारच स्वच्छ आहे.

ओहायोच्या डोंगराळ भागातल्या या परगण्यात पूर्वी हातमोज्यांचा कारखाना होता. तो बंद पडल्यापासून सर्वांत जास्त लोकांना पगार देणारी जागा म्हणजे टिल्फर्ड सामुदायिक कृती संस्था. लोक तिला नुसतं 'कृती' म्हणतात. परगण्यातलं एकही घर उपाशी राहू नये, हे संस्थेचं ध्येय दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याखाली लहान अक्षरांत वेळ आहे: मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते बारा. (इतर वेळी उपाशी राहण्याबाबत संस्थेने अजून धोरण ठरवलेलं नाही.)

संस्थेत अकरा विभाग आहेत. भूक निवारण, भूक प्रतिबंध, भूक जनजागृती, कुटुंब आधार, कुटुंब आधार (पाठपुरावा), असे. एक विभाग तर असा आहे की तो काय करतो हे तिथे बसणाऱ्या दोघींना विचारायचा कुणाला धीर होत नाही, कारण त्या दोघी स्वभावाने फार चांगल्या आहेत.

संस्थेचं यश डोळे दिपवणारं आहे. गेल्या वर्षी तिने गरजू कुटुंबांना इतकं अन्न वाटलं की हिशेबाने माणशी रोज सोळा पौंड पडतं. यात तान्ही मुलं धरलेली आहेत, घोडे धरलेले नाहीत. एवढं होऊनही गरजू कुटुंबांची संख्या कमी झाली नाही, उलट जरा वाढलीच. यावरून संस्था किती आवश्यक आहे हे कुणालाही पटावं.

या यशाचं मूळ लोकांच्या दानतीत आहे आणि लोकांची दानत डब्यांत आहे. टिल्फर्डमध्ये दान म्हणजे डबाबंद अन्न. शाळेत ज्या वर्गाची मुलं सर्वांत जास्त डबे आणतील त्या वर्गाला पिझ्झा मिळतो. फुटबॉलच्या सामन्याला दोन डबे दिले की आत सोडतात. वाचनालयात पुस्तक उशिरा परत केलं तर एका डब्यावर मिटवतात. चर्चमध्ये डब्यांची टोपली फिरते आणि टोपली आपल्यासमोर आली असता हात रिकामा असणं बरं दिसत नाही. हे सगळे डबे कृतीच्या कोठारात येतात, तराजूवर चढतात, त्यांचं वजन फळ्यावर लिहिलं जातं आणि मग ते गरजू कुटुंबांना वाटले जातात.

आता गरजू कुटुंबांनाही मुलं असतात. ती शाळेत जातात, सामना बघायचा म्हणतात, पुस्तकं हरवतात आणि रविवारी चर्चमध्ये बसतात. म्हणजे त्यांनाही डबे लागतात. तेव्हा डबा घरी आला की त्या घरात एक साधा सवाल उभा राहतो. खाल्ला तर एका वेळचं पोट भरतं. ठेवला तर शाळेत मान राहतो, सामना बघता येतो आणि देवासमोर खाली बघावं लागत नाही.

सुरुवातीच्या काळात डब्यांत सगळं काही यायचं. मांस घातलेले राजमे, मासे, कोंबडीचं सूप, पाकातले पीच. लोक ते खायचे. त्या काळातला हा मोठा दोष होता. एका वर्षी शिकाऱ्यांनी हरणाचं ताजं मांस आणून दिलं, ते दुपारपर्यंत संपलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला काही उरलं नाही. तेव्हापासून संस्था नाशवंत वस्तू घेत नाही. हळूहळू जे खाण्यासारखं होतं ते खाल्लं गेलं, जे नव्हतं ते दान होत राहिलं, आणि आज कोठारात जवळपास सगळं बीट आहे.

बीट कुणी खात नाही. टिल्फर्डमध्ये बीट आवडतं असं सांगणारा एकच माणूस होऊन गेला, पण तो पाद्री होता, त्यामुळे ते बीटाबद्दल होतं की नम्रतेबद्दल हे शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र बीटाइतकी सेवा दुसऱ्या कुठल्याच अन्नाने केलेली नाही. शाळेतून कृतीत, कृतीतून घरी, घरून चर्चमध्ये, चर्चमधून पुन्हा कृतीत. एकेका डब्याने वर्षाला तीसतीस जेवणं पुरवल्याची नोंद आहे आणि डब्याचं वजन गुंजभरही घटलेलं नाही. द्रौपदीची थाळी द्रौपदी जेवली की रिकामी व्हायची. टिल्फर्डमध्ये कुणी जेवतच नसल्यामुळे तोही प्रश्न उरला नव्हता.

ओनिटा स्ट्रॉब हिने या व्यवस्थेचा असा विचार कधी केला नव्हता. ती हातमोज्यांच्या कारखान्यात होती, कारखाना गेल्यावर म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धुवायला लागली, आणि त्या नोव्हेंबरात आश्रमाने तिचे तास निम्म्यावर आणले. घरात ती आणि चौथीतली नात टॅमसिन. मुलगी नोकरी शोधायला दक्षिणेकडे गेली होती, ती अजून शोधत होती. तेव्हा ओनिटा दर गुरुवारी चढ चढून कृतीच्या खिडकीपाशी जायची. खिडकीत लेम टॉलिव्हर असायचा. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा हा जुना दोस्त आता कोठार सांभाळत होता.

"या वहिनी," लेम म्हणाला. "आज ताजं बीट आलंय."

"ताजं? हा पोचा बघ. टॅमसिनने जिन्यावरून पाडला होता तोच डबा हा. इस्टरला मीच चर्चमध्ये दिला."

"मग घरचाच आहे म्हणा. परक्याला देण्यापेक्षा बरं."

"राजमे नाहीत का रे?"

"एक होता. तो मी तुमच्यासाठी बाजूला ठेवला होता."

"मग?"

"मग भूक जनजागृतीवाल्या दोघी आल्या. फोटोसाठी चांगला दिसणारा डबा हवा म्हणाल्या." लेमने खोक्यात बीटाचे आठ डबे, पिठाची पिशवी आणि दोन कांदे ठेवले. कांदे त्याच्या स्वतःच्या परसातले होते आणि ते त्याने वजन न करता ठेवले, हा नियमभंगच होता.

ते आठ डबे साधे नव्हते. चौथीच्या वर्गाने यंदा डब्यांची न्यायकचेरी बांधायला घेतली होती, खांब, पायऱ्या, सगळं काही. घुमटाचे आठ डबे मी आणीन असं टॅमसिनने वर्गात उभं राहून सांगितलं होतं. घुमट झाला की चौथीचे डबे पाचवीपेक्षा जास्त होणार होते आणि पिझ्झा चौथीला मिळणार होता. त्याच सुमाराला राज्याची समिती येणार होती. सलग सहा वर्षं वाटपाचं वजन वाढवत नेणारी संस्था म्हणून कृतीला पितळी ढाल द्यायची होती, आणि ती त्या न्यायकचेरीसमोर उभं राहून द्यायची असं ठरलं होतं.

त्याच आठवड्यात पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. रस्ते काचेसारखे झाले. शाळा बंद, म्हणजे टॅमसिनचं शाळेतलं जेवण बंद. आश्रमाला जायचा पूल बंद. कृतीही बंद राहिली, कारण भुकेल्यांपर्यंत पोचताना कर्मचारी घसरून पडला तर विमा भरपाई देत नाही.

ओनिटाने पिठाच्या धिरड्यांवर जमेल तितके दिवस काढले. मग पीठ संपत आलं. टॅमसिन फळीवरच्या डब्यांकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाहीये हे ओनिटाला दिसत होतं.

"आजी, ते डबे शाळेचे आहेत हां."

"शाळा कुठंय?"

"बर्फाखाली."

"मग?"

"मी सांगितलंय सगळ्यांना. घुमट माझा आहे. पिझ्झा जाईल ना, आजी."

"पिझ्झा शाळा उघडल्यावर. भूक आत्ता लागलीये ना तुला?"

टॅमसिनने थोडा विचार केला. "थोडीशी," ती म्हणाली. दोन दिवस तेवढंच म्हणत होती.

ओनिटाने डबा उघडायची चावी शोधली. ती कुठे ठेवली होती हे आठवायला वेळ लागला, कारण बरेच दिवस तिची गरज पडली नव्हती. मग तिने लोखंडी तव्यात चरबी टाकली, लेमचा कांदा परतला आणि त्यात बीटाच्या फोडी टाकल्या. टॅमसिनने एक फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"कसं आहे?"

"वाईट नाहीये."

"चांगलंही नाहीये. खोटं कशाला बोलतेस?"

"चांगलं नाहीये. अजून वाढ."

रस्ते मोकळे होईपर्यंत आठही डबे संपले होते.

शाळा उघडली तेव्हा टॅमसिन रिकाम्या हाताने गेली. तिची जीभ, ओठ आणि पुढचे दात जांभळट लाल झाले होते. वर्गशिक्षिकेला वाटलं मुलगी पडली. काय झालं म्हणून विचारल्यावर टॅमसिनने खरं ते सांगितलं. "डबे खाल्ले," ती म्हणाली. वर्गशिक्षिका खुर्चीत बसली. त्या शाळेत काढलेल्या सगळ्या वर्षांत तिने डबे हरवलेले पाहिले होते, चोरलेले पाहिले होते, एकाने डोक्यात घातलेलाही पाहिला होता. खाल्लेला पाहिला नव्हता.

न्यायकचेरी घुमटाविना राहिली. पिझ्झा पाचवीला गेला. चौथीच्या मुलांनी टॅमसिनशी बोलणं टाकलं, पण ती लहान मुलं होती. मोठ्यांनी हे प्रकरण नीट हाताळलं. आठ डबे म्हणजे आठ पौंड, आणि तेवढं वजन शाळेकडून आलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच कोठाराच्या फळ्यावरचा आकडा खाली आला. संस्थेत दुपारच्या जेवणाची सुट्टी रद्द करून बैठक घेण्यात आली. (जेवण बैठकीतच मागवलं.) ओनिटाला बोलावणं गेलं.

संस्थेच्या संचालिका क्विगलीबाई वाईट नव्हत्या. त्यांनी उभं आयुष्य भुकेला वाहिलं होतं आणि त्या सगळ्या काळात भुकेने त्यांना एकदाही त्रास दिला नव्हता. त्यांनी ओनिटाला स्वतः खुर्ची ओढून दिली.

"बस, ओनिटा. कॉफी घे. इथे तुला कुणी दोष देत नाहीये हं."

"मग बोलावलंत कशाला?"

"समजून घ्यायला. ते डबे तू... म्हणजे, उघडलेस?"

"न उघडता खाता येत नाहीत, बाई."

"सगळे?"

"पहिले दोन जड गेले. मग सवय झाली."

क्विगलीबाईंनी ओनिटाच्या हातावर हात ठेवला. "पण का गं?"

"भूक लागली होती."

अकराही विभागांचे प्रमुख एकमेकांकडे बघू लागले. हे कारण कुणाच्या विभागात बसतं ते कळेना. भूक प्रतिबंधवाल्याचं म्हणणं, लागून गेलेली भूक माझ्याकडे येत नाही. भूक निवारणवालीचं म्हणणं, तिची भूक तिने परस्पर निवारली, आता आमच्याकडे काय उरलं? खजिनदाराने हळूच विचारलं, "आपल्या कामात भूक येते ना पण?"

"येते," क्विगलीबाई म्हणाल्या, "पण इतकी थेट नाही येत."

लेम दारात उभा होता. त्याला बैठकीला बोलावलं नव्हतं, पण खुर्च्या तोच लावतो. "बाई, डबे खायलाच देतो ना आपण?" तो म्हणाला.

"देतो ना, लेम. पण देणं वेगळं आणि खाणं वेगळं. आपलं काम देण्याचं. सगळे खात सुटले तर आपण द्यायचं काय? उद्या कुणी आलं तर त्याच्या हातात काय ठेवशील?"

लेमने मान डोलावली, कारण हे खरंच होतं.

मग बैठकीने ठराव केला. त्यातला गोषवारा असा: की स्ट्रॉब कुटुंबाने मदतीपोटी मिळालेल्या अन्नाचं सेवन केलं, की हे त्यांनी वाईट हेतूने केलं असं संस्था मानत नाही, की तरीही असा पायंडा पडल्यास परगण्यातलं अन्न एका महिन्यात संपून जाईल, असा सर्व विभागांचा अंदाज आहे, की म्हणून झालेली तूट भरून येईपर्यंत सदर कुटुंबाचं मदतीचं कार्ड स्थगित राहील, आणि की समिती यायच्या आत तूट भरली गेल्यास थँक्सगिव्हिंगच्या सणाचं खोकं त्यांना पूर्ण मिळेल, टर्कीसकट. (टर्की हा नाशवंत वस्तूंना एकमेव अपवाद आहे, कारण तिचा फोटो निघतो.)

"माझ्याकडे डबे विकत घ्यायला पैसे नाहीत," ओनिटा म्हणाली. "असते तर बीट कशाला घेतलं असतं?"

"विकत घ्यायला कोण सांगतंय?" क्विगलीबाईंचे डोळे खरोखर भरून आले होते. "आम्ही इतके निर्दय नाही गं. तू मागून आण. आमचा नारिंगी अंगरखा घाल, आमची पिशवी घे. घरोघर जा."

"भीक मागू?"

"छे! स्वयंसेवा. भुकेल्यांसाठी."

"कोण भुकेले?"

"ते आम्ही सांगू शकत नाही, ओनिटा. नावं गुप्त ठेवतो. त्यांच्या अब्रूचा प्रश्न असतो."

ओनिटाने कॉफी संपवली. गरम होती. "म्हणजे मी डबे आणून तुम्हाला द्यायचे, आणि तुम्ही ते मला देणार."

"पात्र असलीस तर."

"आणि मी ते खायचे नाहीत."

"तसा नियम नाही हं," क्विगलीबाई घाईने म्हणाल्या. "ते आम्ही तुझ्या विवेकावर सोडतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओनिटा अंगरखा घालून निघाली. तिच्यासोबत टॅमसिन होती. चौथीतलं कुणी बघेल म्हणून तिने टोपी नाकापर्यंत ओढली होती. ओनिटाला वाटलं होतं लोक दार लावून घेतील. तसं काही झालं नाही. टिल्फर्डचे लोक मनाने मोठे आहेत आणि अंगरखा नारिंगी होता.

पहिल्या घरातल्या बाईने दोन डबे दिले आणि ओनिटाला मिठी मारली. "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव टिकून आहे बघ," ती म्हणाली. कृतीच्या खिडकीपाशी हीच बाई दोनदा ओनिटाच्या पुढे उभी होती. दोघींनीही ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने डबे देताना विचारलं, "बीट चालतं ना त्यांना?"

"कुणाला?"

"त्यांना गं. गरिबांना."

"चालतं. खातात ते."

"खातात?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तो आत गेला, बराच वेळ काही हलवाहलव ऐकू आली, आणि मग त्याने दिलेले डबे परत घेऊन त्याऐवजी एकच, पण जास्त जुना, आणून दिला. खाणार असतील तर एक पुरे, असा त्याचा हिशेब असावा.

तिसऱ्या घरी चार मिळाले, सोबत सल्लाही मिळाला. त्या लोकांना स्वयंपाक येत नाही हेच खरं दुखणं आहे, त्या घरची सून म्हणाली. जरा कांद्यावर परतलं तर काय वाईट लागतं? ओनिटा म्हणाली, चांगलं नाही लागत, पण वाईट नाही. सून म्हणाली, तुम्ही कधी खाल्लंय? ओनिटाने पिशवी उचलली.

अंधार पडायला लागला तेव्हा पिशवीत सात डबे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती येणार होती.

"आजी, एकच राहिला," टॅमसिन म्हणाली. "मग टर्की मिळेल?"

"मिळेल म्हणालेत."

"ती तरी खायची ना आपण?"

"गप चल. अजून एक घर आहे."

ते घर तुमचं आहे.

ओनिटाने बेल दाबली आहे. तुम्ही इथवर तिच्या बाजूचे होता, हे तिला माहीत नाही. तिला फक्त दार दिसतंय. तुम्ही दार उघडता, तिचा अंगरखा बघता, सोबतची मुलगी बघता, आणि "हो हो, थांबा हं, आणतेच" किंवा "आणतोच" असं म्हणून आत वळता, कारण तुम्ही दरवर्षी देता. स्वयंपाकघरातली फळी उघडता. पुढच्या रांगेत जे आहे ते तुम्हाला रविवारी लागणार आहे. तुमचा हात त्याच्यावरून मागे जातो, अगदी मागे, जिथे न बघताही काय आहे ते त्याला ठाऊक असतं.

घाई करू नका. त्या दोघी थांबतील. फक्त तेवढं दार लोटून घ्या, घरात गारठा शिरतोय.